उभ्या मोटारीचा छुपा खर्च

पंधरवडाभर इमारतीच्या तळघरात कुलूपबंद ठेवलेली मोटार किल्ली फिरवताच नुसती ‘टक्’ करून स्तब्ध व्हावी, आणि दोष मात्र निरपवादपणे बॅटरीच्या वयाला दिला जावा, हा न्याय एकतर्फी होय. कारण चोरीच्या धास्तीने मागाहून बसविलेला जीपीएस ट्रॅकर इंजिन बंद असतानाही आपला तनखा बिनदिक्कत उचलीत असतो.

समजा, तो 60 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तर दिवसाकाठी 1.44 अँपिअर-तास खर्ची पडून 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मा संचय 12 दिवसांत संपुष्टात येतो. वस्तुतः या यंत्रास निद्रावस्था असते व तीत हा खर्च काही मिलिअँपिअरवर उतरतो. परंतु तळघरात ना उपग्रहाचा संकेत पोहोचतो, ना मोबाइलच्या मनोऱ्याचा, त्यामुळे स्वस्तातले यंत्र बहुधा शोधाशोध करीत जागेच राहते. अशी रिक्त बॅटरी पडून राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, आणि ती हानी पुन्हा चार्जिंग करूनही पुरती भरून निघत नाही.

शंका आल्यास बॅटरीचे ऋण टोक व त्याची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडून, गाडीतील संगणक निद्रिस्त होईपर्यंत अर्धा तास थांबावे (घाईने घेतलेला आकडा फसवा असतो), आणि प्रवाह 50 मिलिअँपिअरहून अधिक आढळल्यास ट्रॅकरचा फ्यूज काढून तो किती उतरतो ते पाहावे.