पार्टी कशी आहे?

गतवर्षी तुरीच्या हंगामात, म्हणजे पौष संपून माघ लागत असता, भालकीच्या गंजातील (धान्यबाजारातील) एका अडत दुकानाच्या गादीवर आठ दिवस बसण्याचा योग मला आला. मालाचा भाव कसा ठरतो हे पाहावे, एवढाच माझा मानस होता. पण दुसऱ्याच दिवशी माझे लक्ष अंगणातल्या ढिगांवरून उडाले आणि मुनीमजींच्या टेलिफोनवर जडले. दुपारी सौदे आटोपले, हमाल पोती शिवू लागले, की तो वाजू लागे. आणि पलीकडचा आवाज उदगीरचा असो, आळंदचा असो की कलबुर्गीच्या एखाद्या डाळमिलच्या दलालाचा असो, कुठल्या तरी खरीदाराविषयी प्रश्न एकच. मराठीत ‘पार्टी कशी आहे?’, कानडीत ‘पार्टी ह्यांग अद?’ आणि दखनीत ‘पार्टी कैसी हय?’. मुनीमजी तिन्ही भाषांत उत्तर देत, आणि तिन्ही भाषांत ते सारखेच मोघम असे.

या प्रश्नाची निकड समजण्यासाठी अडत्याची अवस्था ध्यानी घेतली पाहिजे. शेतकऱ्याला पट्टी त्याच दिवशी चुकती करावयाची आणि खरीदाराकडून रक्कम मात्र आठ-पंधरा दिवसांच्या मुदतीने यावयाची, अशी ही रीत असल्यामुळे मधल्या काळात अडत्याचे सारे भांडवल परक्याच्या शब्दावर तरंगत असते. खुद्द शेतकऱ्यालाही पेरणीपूर्वी बी-खतासाठी उचल दिलेली असते, ती मालावाटे वसूल व्हावयाची. सरकारने या व्यवहाराला कायद्याची चौकट घातली नाही असे नव्हे. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असतानाच 1339 फसलीचा, म्हणजे 1930 सालचा, हैदराबाद शेतमाल बाजार कायदा आला, आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदे करण्याचा जमाना त्यानंतर हळूहळू मावळला. वजनकाट्याची तपासणी होऊ लागली, तोलाई-हमालीचे दर ठरले. परंतु खरीदार मुदतीला पैसे धाडील की नाही, हे मोजणारा काटा काही कोणत्याही बाजार समितीत बसला नाही. ते काम टेलिफोनवर येऊन पडले. त्यापूर्वी ते विकाराबाद-परळीच्या गाडीने फिरणारे दलाल करीत.

उत्तरांची परिभाषा उमगण्यास मला चार दिवस लागले. ‘बिनघोर माल द्या’ हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र, आणि ते क्वचितच मिळे. ‘पार्टी चांगली आहे, जरा टाइम घेते’ याचा अर्थ पंधरा दिवसांचे पस्तीस होतील. ‘आमचं त्यांचं जास्त काम नाही’ म्हणजे पूर्वी होते आणि आम्ही ते बंद केले. सर्वांत घातक शेरा मात्र मला सर्वांत गोड वाटला होता: ‘माणूस चांगला आहे.’ व्यवहाराचे विचारले असता माणसाचे सांगितले, की ऐकणाऱ्याने समजून घ्यावे आणि माल दुसरीकडे वळवावा. उघड ‘बुडवा’ हा शब्द आठ दिवसांत मी एकदाही ऐकला नाही. सभ्यता हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की हाकाटी होऊन ती पार्टी बसली तर सांगणाऱ्याचीही बाकी तिच्याबरोबर बुडावयाची.

याच्या उलटही घडते. ज्याची मोठी रक्कम एखाद्या डळमळीत खरीदाराकडे अडकली आहे, त्याला त्या खरीदाराची स्तुती करण्याचा मोह पडतो. कारण दुसऱ्याने उधारीवर माल दिला, तर त्या मालाच्या विक्रीतून आपली बाकी निघेल! म्हणून मुनीमजी कोणाची शिफारस ऐकली, की आधी सहज विचारत, ‘तुमचं किती अडकलंय तिकडं?’ उत्तराला जितका विलंब, तितकी त्या शिफारशीची किंमत उतरे. साक्षीदाराचा हितसंबंध तपासण्याची ही रीत त्यांना कोणी शिकविली नव्हती.

आता या तोंडी पतदप्तराला एक लिखित प्रतिस्पर्धी झाला आहे. ‘सिबिल’ नावाची संस्था 2000 साली निघाली, 2005 साली पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला, आणि आज औराद-कमलनगरच्या खेड्यांतही ‘त्याचं सिबिल खराब झालंय’ हे वाक्य एखाद्याला ज्वर आल्याच्या सुरात बोलले जाते. तीनशे ते नऊशे या आकड्यांत मनुष्य बसविणे मला फारसे रुचत नाही. तरी त्या दप्तरात एक गोष्ट अशी आहे जी गंजात नाही. आपल्याविषयी काय नोंदले आहे ते तेथे पाहता येते, चुकीविरुद्ध तक्रार गुदरता येते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस दिवसांत निकाल न लागल्यास दररोज शंभर रुपये भरपाई मागता येते. गंजातील शेऱ्याची नक्कल कोणालाही मिळत नाही. ज्याच्यावर तो बसला त्याला तर नाहीच.

हे मला सहाव्या दिवशी कळले. कुळाने शेती करणारा, पहाणीत (जमिनीच्या उताऱ्यात) स्वतःचे नाव नसलेला एक शेतकरी उचल मागावयास आला. मुनीमजींनी त्याला चहा पाजला आणि सावकार गावाला गेले आहेत असे सांगितले. सावकार, म्हणजे दुकानाचे मालक, आतल्या खोलीत हिशेब पाहत होते. तो गेल्यावर मी विचारले. दोन वर्षांपूर्वी उचल एका दुकानाची घेऊन याने तूर दुसऱ्याच दुकानात टाकली, ही वार्ता हमालांकरवी त्याच संध्याकाळी गंजभर झाली होती. पुढे त्याने ती उचल व्याजासह फेडली, आणि मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला तूर विकली त्या दिवशी कपातीवाचून पूर्ण रोकड हवी होती, हेही सावकारांना ठाऊक होते. ‘मग तसे इतरांना सांगितले का?’ या माझ्या प्रश्नावर सावकार थोडे अवघडले. ‘कोणी विचारलं तर सांगू की,’ ते म्हणाले, ‘पण आता विचारतंय कोण?’

खरीदाराविषयी दिवसातून दहा टेलिफोन येतात, कारण त्याची पत रोज बदलते असे सारे मानतात. कुळाची पत एकदाच ठरते.

यंदा त्या शेतकऱ्याची तूर गंजात आलीच नाही. खेडा खरेदीवाल्याने ती त्याच्या दारातच, गंजाच्या भावापेक्षा क्विंटलमागे 300 रुपये कमी देऊन, उचलली.