भिंतीवरची काव

रंगाच्या दुकानात तपकिरीच्या छटा चाळताना गंमत वाटते. या रंगाला मराठीने नाव दिले ते तपकिरीवरून, म्हणजे तंबाखूच्या भुकटीवरून. आणि तंबाखू इथे आली पोर्तुगिजांबरोबर. भिंतीवरचा मातीचा रंग त्याहून कितीतरी जुना. त्याचे आपले नाव काव, किंवा गेरू.

काव म्हणजे लोह असलेली माती. पिवळ्या मातीतल्या लोहखनिजात पाण्याचा अंश असतो. ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की पाणी निघून जाते आणि माती तांबडी होते. तिच्यात मँगनीज असेल तर रंग तपकिरीकडे झुकतो. युरोपीय चित्रकारांचा ‘अंबर’ तो हाच. हे रंग उन्हाने उडत नाहीत, चुन्याच्या तिखटपणानेही मरत नाहीत. म्हणून तर गोव्या-कोकणातल्या देवळांत चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन, तो खरवडून पांढरी नक्षी काढता आली.

आमच्या मातीच्या घराला मी हौसेने डब्यातला तपकिरी प्लास्टिक रंग दिला. छटा हुबेहूब होती. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे आले. मी रंगाऱ्याला बोल लावला. चूक माझी होती. भिंतीतली ओल त्या पापुद्र्यातून बाहेरच पडत नव्हती. सगळे खरवडून, मुरवलेल्या चुन्यात काव कालवून दोन हात दिले. चुना वाळताना पांढरा होत जातो, त्यामुळे बादलीत दिसते त्याहून भिंत बरीच फिकी निघते. आधी एका कोपऱ्यात पट्टा ओढून चार दिवस थांबावे.