संगणकावरचे विमान अडखळते तेव्हा



आपल्या शाळेच्या संगणकावर गुरुजींनी 'फ्लाइटगिअर' नावाचा विमान चालवायचा खेळ घातला आहे. १९९६ साली काही हौशी मंडळींनी तो करायला घेतला. पुढे देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली. तो फुकट मिळतो. म्हणायला खेळ, पण खरे तर ती विमानाची हुबेहूब नक्कल आहे. वारा, वजन, पंखांवरचा जोर, सगळ्याचे गणित संगणक करतो. त्यातल्या छोट्या सेसना विमानासाठी हे गणित सेकंदाला १२० वेळा होते!

पण आपल्याकडे हे विमान अडखळायचे. पडद्यावर सेकंदाला जेमतेम ८ चित्रे उमटत. "नवा संगणक घेऊ, लोकवर्गणी काढू," असे बोलणे गावात सुरू झाले आहे. म्हणून मला जे समजले ते इथे सांगते.

सिनेमासारखीच इथेही एकामागून एक चित्रे येतात. सेसना उतरताना ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने येते, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. चित्रे ८ असली तर दोन चित्रांच्या मध्ये विमान ४ मीटर पुढे गेलेले असते. आपण दांडा ओढतो, तो लागू पडला की नाही हे उशिरा दिसते, मग आपण आणखी ओढतो. म्हणून सगळ्यांचेच विमान आपटते. त्यात हाताचा काय दोष?

आता काम करणारे दोघे आहेत. प्रोसेसर गणित करतो आणि ग्राफिक्सची चिप चित्र रंगवते. घरी आई भाकरी थापते, ताई भाजते. तवा एकच असेल तर आई कितीही भराभर थापो, ताटात भाकरी तव्याच्याच चालीने पडणार. तेव्हा आधी मागे कोण पडतो ते ओळखायचे. युक्ती सोपी आहे. खेळाची चौकट लहान करून बघा. चित्रे वाढली तर रंगवणारी चिप दमली आहे. तेवढीच राहिली तर अडचण दुसरीकडे आहे.

आपल्याकडे ८ ची लगेच १४ झाली. कारण गणितात आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६००. निम्म्याहून कमी रंगकाम!

मग लांबचे दिसणे २० किलोमीटरवरून १० वर आणले. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होते, हे गुरुजींनी फळ्यावर वर्तुळ काढून दाखवले. तेवढी झाडे नि घरे कमी. ढगांचे मात्र मला वाईट वाटले. फार सुंदर दिसायचे, पण तेच सगळ्यात जास्त खात होते. बंद केले.

गुरुजींनी वायर काढून डबाही उघडला. पंख्यावर बोटभर धूळ! प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून चाल कमी करतो, उन्हात बैल पाय ओढतो तसा. मऊ ब्रशने धूळ झाडली, मागे उघडे राहिलेले इतर कार्यक्रम बंद केले.

आता २६ चित्रे येतात. दोन चित्रांत सव्वा मीटर. परवा सहावीतल्या मुलांनीसुद्धा विमान नीट उतरवले.

मोठ्या विमानतळावर अजून अडखळतेच. तिथे चौकट लहान करूनही फरक पडत नाही, आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतो. मेमरी ४ जीबीच आहे. ती भरली की संगणक सामान डिस्कवर ठेवतो, आणि तिथून उचलायला फार वेळ लागतो. म्हणून वर्गणी काढायचीच तर आधी मेमरीच्या एका पट्टीपुरती काढावी, असे माझे मत आहे. भाव विचारायला गुरुजी बाजारच्या दिवशी तालुक्याला जाणार आहेत.