बिडाच्या जुन्या पाईपचं काम: आधी कमोड उचला, मग आकडा सांगा

प्लंबिंग सर्व्हिस सुरू करताय, तर जुन्या बिल्डिंगमधून एक फोन हमखास येणार: "कमोड हलतोय, खालच्यांच्या छताला ओल आलीय, किती घ्याल?" तेव्हा फोनवर आकडा सांगू नका.

खराबी लादीखाली असते. जुन्या घरांत कमोडचं तोंड बिडाच्या पाईपच्या कॉलरमध्ये बसवून बरेचदा सिमेंटने पॅक केलेलं असतं. कमोड हलायला लागला की सिमेंट तडकतं. पण ओल तिथूनच येतेय असं धरून चालू नका. आधी फक्त कमोडमध्ये रंगीत पाणी सोडा आणि खाली बघा. रंग दिसला नाही, तर नहाणी ट्रॅपमध्ये ओता. घाई नको, पाणी स्लॅबमध्ये फिरून भलतीकडेच उतरतं.

म्हणून कोटेशनचे दोन भाग करा. तपासणी, कमोड काढणं आणि परत बसवणं याची मजुरी आधीच ठरलेली. दुरुस्तीचा आकडा पाईप बघून. सिमेंटमध्ये बसवलेला कमोड काढताना फुटू शकतो, हेही व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच लिहून द्या. भांडणं याच्यावरूनच होतात.

कमोड निघाला की पाईपच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, म्हणजे वास थांबतो, डेब्रिज आत पडत नाही. बोळ्याला दोरी बांधा, नाहीतर तोच चोकअप करेल! मग वायर ब्रशने गंज काढून कॉलरवर हलकेच ठोका. आवाज खणखणीत आला तर बहुधा शाबूत, बद्द आला तर तडा शोधा.

कॉलर शाबूत असेल तर रबरी कनेक्टरवर काम होतं. तडा असेल तर चांगल्या भागापर्यंत पाईप कापून रबरी कपलिंग आणि स्टीलच्या क्लॅम्पने पीव्हीसी जोडायचा. कापायला ग्राइंडर घ्या, छिन्नी नको. बीड ठिसूळ असतं, ठोक्याने तडा पुढे पळतो. कपलिंग घ्यायला दुकानात येताना पाईपचं बाहेरचं माप आणा, नुसतं "4 इंची" सांगून भागत नाही.

जुने मिस्त्री ताग ठोकून त्यावर वितळलेलं शिसं ओतायचे. शिसं 327 अंशांना वितळतं, आणि जोडात ओल राहिली तर वाफ होऊन ते अंगावर उसळतं. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

तडा उभ्या पाईपपर्यंत गेलेला दिसला तर तिथेच थांबा. ती लाइन वरच्या सगळ्या घरांची असते. सेक्रेटरींची लेखी परवानगी हवी, आणि काम चालू असेपर्यंत वरच्यांनी फ्लश बंद ठेवायला हवा. तोवर कमोड बाहेरच राहणार, हे घरच्यांना सकाळी काम सुरू करण्याआधीच सांगा.