मूत्रातील रक्त : एक इशारा

बडोद्यास राहावयास आल्यापासून उन्हाळ्यात एक सल्ला मी वारंवार ऐकतो : 'लघवी लाल झाली ना? उष्णता वाढली असेल, सब्जा घ्या.' या समजुतीत थोडे तथ्य आहे. घाम फार येऊन पाणी कमी पडले की लघवी गडद होते, मूतखड्यासही निमित्त मिळते. परंतु केवळ उष्णतेने लघवीत रक्त उतरत नाही.

लाल रंग म्हणजे रक्तच, असेही नाही. बीट खाल्ल्याने किंवा क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी तांबूस होते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या म्हणजे खात्री पटते. उलट, रंग नेहमीचा असूनही पेशी सापडतात.

हे रक्त मूत्रपिंडापासून मूत्रमार्गापर्यंत कोठूनही येऊ शकते. जळजळ व वारंवार लघवी असल्यास जंतुसंसर्ग संभवतो. कमरेतून जांघेकडे जाणारी असह्य कळ बहुधा मूतखड्याची असते. मुलांत घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी चहासारखी लघवी होऊन चेहरा सुजला, तर मूत्रपिंडाच्या दाहाची शंका घ्यावी. क्षय व उतारवयातील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ हीही कारणे आहेत.

कधी कारण गावच्या पाण्यात असते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी असे रुग्ण आढळले आणि गाडगीळ व शहा या संशोधकांनी 1952 साली त्यामागील परजीवी कृमीचा शोध प्रसिद्ध केला. हे कृमी गोड्या पाण्यातील गोगलगाईंत वाढतात आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात.

कधी कारण व्यवसायात असते. फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 साली रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग दाखवून दिला. रंग-रसायनांचे कारखाने असलेल्या गुजरातेत ही गोष्ट विसरता येत नाही. विडी-सिगारेट हे तर या रोगाचे प्रमुख कारण होय.

येथेच खरा धोका आहे. खड्याची कळ माणसाला डॉक्टरांकडे धाडतेच. पण कर्करोगाचे रक्त बहुधा वेदनेवाचून येते आणि आपोआप थांबते. मग घरचे म्हणतात, 'सब्ज्याने गुण आला!' महिने निघून जातात. रोग मात्र आत वाढत राहतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांनी अशी तक्रार संकोचाने सांगितली, तर ती हसण्यावारी नेऊ नका. रक्त एकदाच दिसले, दुखले नाही, थांबलेही. तरी लघवीची तपासणी व जरूर तर सोनोग्राफी करून घ्यावी. सब्जा खुशाल प्यावा, पण तपासणीऐवजी नव्हे.