मोटार आणि तिच्यामागची कॅरव्हान

हिवाळ्यात दिल्लीहून मेरठ, मुझफ्फरनगर या जुन्या रस्त्याने मसुरीकडे निघालेल्या प्रवाशाला उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हमखास दिसतात. ट्रॉली वाजवीपेक्षा अधिक लादलेली असली, तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडू लागतात. इंजिनात बळ असते. परंतु सुकाणू निरुपयोगी ठरते. मोटारीमागे कॅरव्हान, म्हणजे चाकांवरचे लहानसे घर, जोडू इच्छिणाऱ्याने हे दृश्य ध्यानात ठेवावे. मोटार कॅरव्हानला ओढील काय, हा प्रश्न दुय्यम होय. ती तिला आवरील काय, हा खरा प्रश्न.

समजा, रिकाम्या कॅरव्हानचे वजन १,१०० किलो असून निर्मात्याने भरलेल्या गाडीची मर्यादा १,३०० किलो ठरविली आहे. सामानासाठी उरले २०० किलो. आकडा मोठा वाटतो खरा. पण घरगुती गॅसचे भरलेले एक सिलिंडर सुमारे ३० किलोचे आणि ४० लिटर पाणी ४० किलोचे. त्यात अंथरुणे, भांडी, खुर्च्या यांची भर पडली की मर्यादा केव्हा ओलांडली हे कळतही नाही. म्हणून अंदाजावर न विसंबता भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी. नोंदणीपत्रातील एकूण वजनाहून अधिक भार नेण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचीही मनाई आहे.

मोटार किती वजन ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. तेथे मर्यादा दिलेली नसेल, तर ती मोटार या कामाची नव्हे असेच समजावे. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सल्ला देतात की, भरलेली कॅरव्हान मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावी. आपल्या उदाहरणात मोटार निदान १,५३० किलोची हवी.

पण वजन जुळले तरी ते ठेवले कोठे, हा प्रश्न राहतोच. आपल्या गाडीवानाला याचे ज्ञान पुस्तकावाचून असते. भार मागे गेला की बैलगाडी उलाळते, जू वर उचलले जाते. फार पुढे आला की ते बैलांच्या मानेवर बसते. कॅरव्हानचेही तसेच आहे. तिच्या एकूण वजनाचा ५ ते ७ टक्के भाग, येथे ६५ ते ९१ किलो, मोटारीच्या हुकावर पडावा. मात्र हुकाची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी. जड वस्तू आसावर, जमिनीलगत ठेवाव्यात. मागच्या टोकाला जड सामान भरलेली कॅरव्हान वेगात डावीउजवीकडे झोके घेऊ लागते आणि मोटारीलाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. अशा वेळी जोराने ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून सुकाणू सरळ धरावे.

डेहराडूनपुढे घाट लागतो. मसुरी सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाचे बळ जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते. तथापि चढापेक्षा उतारच अधिक कठीण, कारण तेथे कॅरव्हान मोटारीला मागून रेटते. वेग दुप्पट झाला तर ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते, आणि तापलेले ब्रेक ढिले पडतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा व इंजिनाला गाडी रोखू द्यावी.