भिंतीपलीकडे पोचलेली बाग

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या कुशीतल्या सोसायट्यांमध्ये वेडेलिया हमखास दिसते. तुकतुकीत हिरवी पानं, वर पिवळीधमक फुलं. ऊन असो वा सावली, ती वाढतेच. नर्सरीत तिला मागणी असते ती याच गुणामुळे, आणि माळ्याचा घाम निघतो तोही याच गुणामुळे.

तिची एखादी फांदी अलगद उचलून पाहावी. जमिनीला टेकलेल्या पेरापेरातून मुळं फुटून मातीत उतरलेली असतात. हिसका दिला की फांदी पेराशी तुटते, खालचा तुकडा तसाच राहतो आणि पहिल्या सरींबरोबर पुन्हा फुटतो. म्हणून जाणता माळी ती ओढत नाही. खुरप्याने माती भुसभुशीत करतो, एकेक पेर मुळासकट सोडवतो आणि लगेच गोणीत भरतो.

खरी चूक होते ती यानंतर. गोणी भिंतीपलीकडे रिकामी केली जाते. पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. वेडेलिया बियांपेक्षा तुकड्यांवरच जास्त पसरते. म्हणजे तिला रानात नेऊन लावणारे हात माणसाचेच. अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातून आलेली ही वनस्पती जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

त्याच यादीत घाणेरीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. आज बुलबुल तिची काळी फळं खातात आणि बिया रानोमाळ टाकतात. नुसती छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत साधी आहे: जमिनीखाली बोट-दोन बोटं खोल मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळवायचं. मुळांना माती लागली नाही की ते पुन्हा रुजत नाही.

वेडेलियाची छाटणही गच्चीच्या तापल्या लादीवर कडकडीत वाळवूनच खतात घालावी. ओली गोणी कुंडीपाशी किंवा गटाराकाठी ठेवू नये.

मोकळ्या झालेल्या वाफ्यात कोरांटी, अडुळसा, निर्गुडी लावता येते. तेरडा तर पावसात आपोआप उगवतो. कुंडीत लिंबू असेल तर महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉन त्यावर अंडी घालू शकतं. मग कोवळी पानं त्याच्या अळ्यांनी कुरतडलेली दिसतील. तेव्हा औषध फवारू नये.